नाक नसलेली थ्री-नॉट-थ्री

ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या मराठी मंडळींत जनार्दन सोवनींची ओळख 'बंदुका बनवायचे ते काका' अशी करून दिली जायची. पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा सोवनींनी दुरुस्ती केली. ते बंदुका बनवत नव्हते, तपासत होते. दुसऱ्या वेळी आणखी दुरुस्ती केली. अख्खी बंदूक नव्हे, बंदुकीचा एक भाग. तिसऱ्या वेळी गणपतीच्या आरतीनंतर, हातात खिरापतीची वाटी धरून, त्यांनी तो भाग नेमका कोणता हे सांगायला घेतलं, तर समोरचा माणूस "गाडी चुकीच्या जागी लावलीय वाटतं" म्हणून बाहेर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून सोवनींनी दुरुस्ती सोडून दिली.

खरी गोष्ट अशी होती. विसाव्या वर्षी ते बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तपासनीस म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी त्यांना नोज कॅपच्या टेबलावर बसवण्यात आलं. नोज कॅप म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या पुढच्या टोकाला बसणारं लोखंडी नाक. नळी आणि लाकूड ते एकत्र धरून ठेवतं, त्याच्या दोन कानांमध्ये नेम धरायची माशी सुरक्षित राहते, आणि त्याच्याच आधारावर संगीन बसते. सोवनींच्या टेबलावर दोन मापं असायची. एक 'गो', ते आत गेलंच पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते आत जाताच कामा नये. सहा वर्षं त्यांनी डाव्या हाताच्या पेटीतून नाक उचललं, दोन्ही मापं लावली आणि उजव्या हाताच्या दोनांपैकी एका पेटीत टाकलं. मग पुण्याला बदली झाली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं खडकीत दारूगोळ्याच्या पेट्यांच्या बिजागऱ्या तपासल्या. एवढ्या नोकरीत अख्खी रायफल त्यांच्या हातात एकदाही आली नाही. ती पंधरा ऑगस्टला पहारेकऱ्याच्या खांद्यावर दिसायची, तीही लांबून.

निवृत्तीनंतर लेकीकडे ऑकलंडला आले, पण तपासणी काही सुटली नाही. भाग्यश्रीच्या घरातलं जेवणाचं टेबल एका पायाने दीड मिलिमीटर आखूड आहे, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. जावई मकरंदने नवं टेबल आणलं, ते दोन मिलिमीटर आखूड निघालं. पत्नी वनिताबाईंच्या पोळ्यांबद्दल मात्र त्यांनी आजवर शेरा मारला नव्हता. ते धोक्याचं क्षेत्र आहे हे त्यांना लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्यांचा वेळ जावा म्हणून भाग्यश्रीने त्यांना बोल्स क्लबचं सभासद केलं. हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळत सोडायचा, सगळे समवयस्क, मध्ये चहा. सोवनी तीन वेळा गेले. चौथ्या वेळी स्पिरिट लेव्हल घेऊन गेले आणि हिरवळ ईशान्येला उतरती असल्याचं कमिटीला लेखी कळवलं. कमिटीने आभार मानले. पुढच्या वर्षीच्या सभासदत्वाचं स्मरणपत्र मात्र आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळी शनिवारी मकरंद त्यांना ओनेहंगाच्या एका हॉलमध्ये घेऊन गेला. जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांचा बाजार भरला होता. लांबच लांब टेबलं, त्यांवर हेल्मेटं, पदकं, पत्र्याचे मग, आणि टेबलांमागे थर्मासमधून चहा पिणारे म्हातारे. सोवनी दोन्ही हात पाठीमागे बांधून एकेका टेबलापुढून चालले होते. मकरंदला तो भुवया ताणलेला चेहरा ओळखीचा होता. असाच चेहरा ते फ्रीज घेताना करतात.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी ते थबकले. टेबलावर एक रायफल होती. दस्ता, बोल्ट, गोळ्यांची पेटी, सगळं ठीक. पण पुढचं लाकूड अर्ध्यातच संपलं होतं आणि तिथून नळी उघडी बाहेर आली होती.

"ह्याचं नाक कुठाय?" सोवनींनी इंग्रजीत विचारलं.

टेबलामागच्या माणसाने आधी स्वतःचं नाक चाचपलं. त्याचं नाव ट्रेवर. वय सत्तरीच्या पुढचं, पुकेकोहेला जन्मभर कांदे पिकवलेला शेतकरी, आणि भर थंडीत हाफ पँट आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर. मकरंदने मध्ये पडून प्रश्न समजावला.

"अच्छा, ते. माझ्या बापाने कापलं," ट्रेवर म्हणाला. "छप्पन साली. हरणांमागे डोंगर चढायचा तर एकेक पौंड जड होतो. त्या काळात इथे निम्म्या लोकांनी कापल्या."

"निम्म्या लोकांनी?"

"निम्म्याहून जास्त, मेट. करवत घ्यायची आणि नाकासकट पुढचं लाकूड उडवायचं."

सहा वर्षं सोवनी ज्या नाकांना अर्ध्या केसाच्या फरकासाठी परत पाठवत होते, त्यांचीच भावंडं जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक करवतीने उडवून देत होते आणि वर हरणाचं मटण खात होते, ही कल्पना त्यांना कधी शिवलीच नव्हती.

"हातात घे," ट्रेवर म्हणाला. त्याने बोल्ट मागे ओढून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल त्यांच्याकडे दिली.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी जनार्दन सोवनींच्या हातात पहिल्यांदा थ्री-नॉट-थ्री आली. ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा खूप जड होती. बोल्टखालचे शिक्के त्यांनी चष्मा वर सरकवून वाचले. बर्मिंगहॅम, एकोणीसशे सतरा.

"विकायची आहे?"

"माझे गुडघे गेले आता. लायसन्स आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग काढ. तोवर ठेवतो मी. ती शंभरीच्या पुढची आहे, तिला घाई नाही."

घरी आल्यावर सोवनींनी थालीपिठं होत असतानाच विषय काढला. वनिताबाईंनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं, कडेने तेल सोडलं आणि मग विचारलं, "अहो, आपण इथे लेकीकडे राहायला आलोय ना? का चौकीवर?"

"बाबा, तुम्हाला कशाला हवीय ती?" भाग्यश्रीने विचारलं. "तुम्ही तर मुंगीला पण कागदावर घेऊन बाहेर सोडता."

"मला ती चालवायची नाहीये."

"मग?"

"पुरी करायचीय," सोवनी म्हणाले. "अपुरी आहे ती."

भाग्यश्रीची मुलगी आनंदी डनीडनच्या युनिव्हर्सिटीत होती. तिला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो रँडम. बट स्वीट ॲज," म्हणजे चालतंय. तिच्या रिकाम्या खोलीतलं कपाट रायफलीसाठी वापरायलाही तिने परवानगी दिली. त्या कपाटावर वनिताबाईंचा लोणच्याच्या बरण्यांसाठी डोळा होता, पण त्यांनी तो मागे घेतला.

लायसन्ससाठी आधी सुरक्षिततेचा वर्ग आणि परीक्षा. सोवनींखेरीज वर्गात बदकं मारायला उत्सुक असलेली पोरंच होती. सगळ्यांनी वीस मिनिटांत पेपर दिला. सोवनींना तास लागला, कारण एका प्रश्नाचे दोन अर्थ निघतात हे त्यांनी पेपरच्या मागे सविस्तर लिहून दिलं. ते पैकीच्या पैकी गुणांनी पास झाले. शिकवणाऱ्या बाईंनी हात मिळवून सांगितलं की परत काही शंका आली तर वेबसाइट पाहा.

मग घराची तपासणी आणि मुलाखती. बंदूक मागणाऱ्याच्या घरी माणूस येतो, कुलूपबंद कपाट बघतो आणि घरच्यांशी वेगळं बोलतो, हा इथला रिवाज. सोवनींनी जाड पत्र्याची तिजोरी आणली आणि ती आनंदीच्या कपाटात चार बोल्टांनी भिंतीला जखडली. मकरंद मदतीला आला होता. "तुम्ही फक्त टॉर्च धरा," असं सांगून त्यांनी त्याला बाजूला उभं केलं.

आलेल्या बाईंचं नाव नायरी. साठीच्या, हसतमुख, गळ्यात हिरव्या दगडाचं लोलक. "किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला. वनिताबाईंनीही "किया ओरा" म्हटलं, त्यांना स्वयंपाकघरात खुर्ची दिली आणि स्वतः जमिनीवर विळी मांडून गवार चिरत बसल्या. शिरा आधीच काढून झाल्या होत्या, पण गप्पा मारताना हात रिकामे ठेवायची त्यांना सवय नव्हती. गवार संपल्यावर त्यांनी लाल भोपळा घेतला आणि पात्यावर दोन्ही हातांनी खच्चून दाबला. नायरीबाईंची खुर्ची जराशी मागे सरकली.

"हे... रोज वापरता?" त्यांनी विळीकडे बोट केलं.

"डेली," वनिताबाई म्हणाल्या. "फोर्टी एट इयर्स."

नायरीबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी विचारलं, मिस्टर सोवनींना राग आला की ते काय करतात.

वनिताबाईंनी विचार केला. "ही इज नॉट शाउटिंग मॅन," त्या म्हणाल्या. "ही इज चेकिंग मॅन."

"म्हणजे?"

"अँग्री, देन गॅरेज. मेजर, मेजर, मेजर. देन टी."

कुणाला कधी धमकी दिलीय का, ह्या प्रश्नावर वनिताबाईंची नजर सुरी-चमच्यांच्या खणाकडे गेली. नायरीबाईंचं पेन थांबलं. "वन्स," वनिताबाई शेवटी म्हणाल्या. "वॉशिंग मशीनवाला. ही सेड, आय विल राइट यू लेटर."

"आणि लिहिलं?"

"थ्री."

पलीकडच्या खोलीत सोवनी खुर्चीच्या टोकावर बसून होते. त्यांना बोलणं ऐकू येत नव्हतं, पण भोपळ्याचा आवाज येत होता.

मग नायरीबाई तिजोरी बघायला आल्या. त्यांनी दार उघडून बंद केलं, किल्ली कुठे ठेवणार ते विचारलं, आत वाकून एकेक बोल्ट हलवून पाहिला. सोवनी बाजूला उभे राहिले. चौतीस वर्षं लोक त्यांच्या टेबलासमोर असे उभे राहत असत, हात कुठे ठेवावेत हे न कळून. ह्या बाजूने ते पहिल्यांदाच उभे होते.

"हा ढिला आहे," नायरीबाई आतून म्हणाल्या.

"कोणता?"

"खालचा, डावीकडचा. आत लाकूड नाहीये. नुसत्या भिंतीच्या बोर्डात गेलाय."

सोवनींनी गुडघ्यांवर बसून पाहिलं. बोल्ट बोटाने फिरत होता. ह्या देशातल्या भिंती पुठ्ठ्याच्या असतात, लाकडाचे खांब शोधून काढावे लागतात, हे त्यांनी स्वतःच मकरंदला अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

"एवढा नीट करा, मी पुढच्या आठवड्यात परत येते," नायरीबाई म्हणाल्या. "बाकी सगळं छान आहे."

त्या गेल्यावर भाग्यश्रीला वाटलं, बाबा आता चिडणार. पण सोवनी बराच वेळ तिजोरीसमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला होता.

"बरोबर केलं तिने," ते म्हणाले. "चारही बोल्ट हलवून पाहिले. पहिले तीन घट्ट निघाल्यावर नव्वद टक्के लोक चौथा सोडून देतात. चांगली तपासनीस आहे."

"पण तुम्हाला रिजेक्ट केलं ना हो तिने," वनिताबाई म्हणाल्या. त्यांना तो शब्द उच्चारायला फार आवडलं. त्या आठवड्यात त्यांनी तो निरनिराळ्या निमित्ताने आठ-दहा वेळा वापरला.

चौथ्या बोल्टाला खांब सापडला, लायसन्स आलं आणि रायफल हिल्सबरोला आली. रायफलीचा बोल्ट वेगळ्या कुलुपात, रायफल वेगळ्या, सगळं नियमाप्रमाणे. आता तिला लागणाऱ्या वस्तू जमवायच्या होत्या. सोवनींनी यादी केली. पुढचं लाकूड, वरचं लाकूड, दोन कड्या, खांद्याचा पट्टा, तेलाची कुपी, नळी साफ करायची दोरी, आणि नोज कॅप. संगीन त्यांनी यादीत लिहून परत खोडली, कारण वनिताबाईंनी सांगितलं होतं की घरात एक विळी पुरे.

ट्रेवर त्यांना मागे उघडा हौदा असलेल्या आपल्या जुन्या युटमध्ये घालून गावोगाव हिंडवू लागला. तो त्यांना 'जॅन' म्हणायचा. मॉरिन्सव्हिलच्या एका गोठ्याच्या माळ्यावर लाकडं मिळाली, त्यांवर कबुतरांनी वर्षानुवर्षं केलेलं काम होतं. हंटलीच्या एका बाईंकडे पट्टा मिळाला, तो त्यांनी कुत्र्यासाठी वापरला होता. कुत्रं वारल्यामुळे त्या तो द्यायला तयार होत्या, पण देताना त्यांचे डोळे भरून आले, म्हणून दोघांना तिथे तासभर बसून कुत्र्याचे फोटो बघावे लागले.

वनिताबाई ह्या सगळ्यात पडणार नव्हत्या. पण लाकडाला कच्चं जवसाचं तेल चोळायचं असतं हे कानावर आल्यावर त्यांना राहवलं नाही. सोवनी फडक्याने तेल लावत होते ते त्यांनी पाहिलं आणि हातातून फडकं काढून घेतलं. "असं लावतात का? तळहाताने जिरवायचं असतं." त्यांनी आनंदीला बाळपणी जसं चोळलं होतं तसं ते लाकूड रोज सकाळी उन्हात बसून महिनाभर चोळलं. लाकडाचा रंग असा उघडला की ट्रेवरने त्यावरून दोनदा हात फिरवला. नळी साफ करायची दोरी तर त्यांनी बघताक्षणी ओळखली. एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायला फास. "ही तर नाडी ओवायची युक्ती," त्या म्हणाल्या, आणि नळीतून ती दोरी सोवनींच्या आधी आरपार काढून दाखवली.

तेलाच्या कुपीवरून मात्र भांडण झालं. बोटाएवढी पितळी कुपी, दस्त्याच्या मागच्या बाजूला एका झडपेखाली बसणारी, काळपट पडलेली. ती ट्रेवरने स्वतःच्या संग्रहातून आणून दिली होती. सोवनी पोस्टात गेले असताना वनिताबाईंनी ती चिंच-मीठ लावून घासली आणि देवघरात समईशेजारी वाळत ठेवली. दुपारी ट्रेवर आला. कुपी सोन्यासारखी चमकत होती. तो खुर्चीत बसला.

"त्यावर ऐंशी वर्षांचा काळ होता, जॅन," तो म्हणाला. "तो रंग विकत मिळत नाही. कलेक्टर माणूस असं कधी करत नाही."

"रंग म्हणजे मळ," सोवनी म्हणाले.

"मळ नाही. इतिहास."

"कारखान्यातून निघताना ती अशीच होती. काळी कुपी माझ्या टेबलावर आली असती तर मी परत पाठवली असती."

"तुझ्या टेबलावर कुपी आलीच नसती. तू नाकं तपासायचास."

हे खरं होतं. सोवनी गॅरेजमध्ये गेले, मेजर टेप ओढल्याचे आवाज आले आणि मग ते चहा प्यायला बाहेर आले. वनिताबाईंनी ट्रेवरला नारळाच्या दोन वड्या दिल्या. दोन्ही संपल्यावर तो म्हणाला की कुपी दिसतेय छानच.

राहिली नोज कॅप. इथे खरी अडचण सुरू झाली. सोवनींनी गॅरेजमध्ये पोलादी पट्टी कानस मारून मारून दोन मापं तयार केली होती, एक गो आणि एक नो-गो. पन्नास वर्षं झाली तरी ती मापं बोटांना पाठ आहेत, असं ते सांगायचे. ट्रेवरने बिस्किटाच्या डब्यातून पाच नोज कॅप आणल्या. सोवनींनी पाचही तपासल्या आणि पाचही नापास केल्या. इन्व्हरकारगिलहून कुरियरने दोन आल्या, त्या नापास. टाउरांगाची एक, फांगरेईच्या तीन, नापास. प्रत्येक नाकासोबत ते पाठवणाऱ्याला आभाराचं पत्र आणि दोषांचा तपशील पाठवत. वस्तू जमवणाऱ्यांच्या क्लबात त्यांचं नाव 'मिस्टर नो-गो' पडलं आहे हे ट्रेवरने त्यांना सांगितलं नाही.

"जॅन," तो एकदा युट थांबवून म्हणाला, "ती रायफल शंभर वर्षांची आहे. तू सत्तरीतला आहेस. माझे गुडघे ऐंशीचे आहेत. आपण तिघं मिळून किती वाट बघायची?"

"बरोबर माप मिळेपर्यंत."

ट्रेवरने युट चालू केली. दोन किलोमीटर मागे पडले. मग तो म्हणाला, "वेलिंग्टनला चल. ग्वेनकडे."

ग्वेन ही वेलिंग्टनजवळ राहणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. सरकारी कचेरीत फायली सांभाळून निवृत्त झालेली, आणि चाळीस वर्षं फक्त थ्री-नॉट-थ्री जमवणारी. तिच्याकडे एक रायफल होती जी लष्कराच्या गोदामातून थेट तिच्याकडे आली होती. कधी उघडली नाही, कधी वापरली नाही, ग्रीसच्या कागदासकट. नाक कसं असायला हवं ते सोवनींना एकदाचं दिसेल आणि मग तसं शोधू, असा ट्रेवरचा हिशेब होता. वनिताबाईही निघाल्या. त्यांना पार्लमेंटची ती मधमाशांच्या पोळ्यासारखी इमारत बघायची होती.

ग्वेनने दार उघडलं, तिघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बूट काढा." वनिताबाईंना ती तिथल्या तिथे आवडली.

रायफल टेबलावर पांढऱ्या चादरीवर ठेवली होती. सोवनींनी चष्मा पुसला. इतकी नीट रायफल त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारखान्यातही नाही. त्यांनी खिशातून मखमलीत गुंडाळलेली मापं काढली. "परवानगी आहे?"

"हात लावा, पण ओरखडा नको," ग्वेन म्हणाली.

सोवनींनी गो माप घेतलं आणि हलक्या हाताने लावलं. ते आत गेलं नाही. त्यांनी माप पुसून परत लावलं. मग उलटं धरून लावलं. मग नो-गो लावलं, तेही अर्थातच गेलं नाही. सोवनी सरळ उभे राहिले.

"हीसुद्धा नापास," ते म्हणाले.

ट्रेवरने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ग्वेनने हात पुढे केला. "ते माप बघू. कुणी केलंय?"

"मी."

"कशावरून?"

"आठवणीवरून."

"अच्छा," ग्वेन म्हणाली, आणि माप परत देऊन चहाचं पाणी ठेवायला आत गेली. एवढंच म्हणाली ती, पण सोवनींच्या कानांना ते नापासाच्या लाल शिक्क्यासारखं लागलं.

ते खुर्चीवर बसले. वनिताबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. आता ही 'रिजेक्ट' म्हणणार, असं त्यांना वाटलं. पण त्यांनी ते माप घेतलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि मखमलीत गुंडाळून ठेवलं.

"ईशापूरला," सोवनी मराठीत म्हणाले, "दर सोमवारी गेज रूमचा माणूस यायचा. बिश्वास नावाचा. आमची मापं घेऊन जायचा आणि मोठ्या मापावर तपासून परत द्यायचा. माप झिजलेलं असलं तर बदलायचा. आम्ही त्याच्यावर फार चिडायचो, कामात खोळंबा म्हणून."

"मग?"

"मी हे घरी केलं तेव्हा बिश्वास नव्हता ना."

ट्रेवरने विचारलं, काय म्हणतोय तो. वनिताबाईंनी सांगितलं, "ही इज मिसिंग वन बेंगॉली."

परत येताना विमानात सोवनींनी हिशेब मांडला. अकरा नाकं त्यांनी नापास केली होती. त्यांतली किती खरोखर चांगली होती हे आता सांगता येत नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी पाठवणाऱ्या सगळ्यांना पत्रं लिहिली. तपासणीतलं माप सदोष होतं, आपला माल निर्दोष असण्याची शक्यता आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. इन्व्हरकारगिलच्या माणसाने ते पत्र चौकटीत लावलं, असं नंतर कळलं.

मग त्यांनी ट्रेवरला फोन केला. तुझ्या त्या पाच नोज कॅप अजून आहेत का.

"चार टाउपोच्या एकाला दिल्या," ट्रेवर म्हणाला. "एक उरलीय. सगळ्यांत वाईट होती ती. एका कानाला पोचा आहे."

"घेऊन ये."

ती आली. सोवनींनी मापं काढलीच नाहीत. लाकूड बसवलं, वरचं लाकूड बसवलं, कड्या आवळल्या आणि पोचा असलेलं नाक नळीवरून हळू सरकवलं. ते थोडं अडलं. ट्रेवर लाकडी हातोडी शोधायला लागला. वनिताबाईंनी बोटभर जवसाचं तेल आतून फिरवलं आणि ते 'टक्' करून जागेवर गेलं. सोवनींनी दोन स्क्रू घट्ट केले, दोन पावलं मागे सरकले आणि पाहत राहिले. रायफल पूर्ण दिसत होती. लाकूड गडद, पट्टा कुत्र्याच्या दातांनी जरा चावलेला, दस्त्यात समईसारखी कुपी, आणि पुढे एक कान किंचित दबलेलं नाक.

"कसं आहे?" ट्रेवरने विचारलं.

पोच्यावरून सोवनींनी अंगठा फिरवला.

"राहू दे," ते म्हणाले.

ह्याच्यापुढे ती चालवायची त्यांची खरंच इच्छा नव्हती. पण ट्रेवर म्हणाला की वाजवून पाहिली नाही तर तपासणी अपुरी राहील, आणि हा मुद्दा सोवनींना पटला. आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून ती नीट तपासून घेतली. एका रविवारी दोघं नेमबाजीच्या रेंजवर गेले. वनिताबाई डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन मागच्या बाकावर कान झाकून बसल्या.

सोवनींनी कानांवर आवाज अडवणारी मोठी झाकणं चढवली, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर चष्मा, आणि पोटावर झोपले. शिकवलं होतं तसं सगळं केलं. श्वास सोडला आणि चाप ओढला. दस्त्याने खांद्याला जो हिसका दिला त्याने त्यांची टोपी मागे उडून ट्रेवरच्या जँडलवर पडली.

पाच गोळ्या झाल्या. ट्रेवर दुर्बिणीतून पलीकडचा कागद पाहू लागला. पहिली डाव्या कोपऱ्यात, दुसरी कागदाबाहेर, तिसरी सापडत नाही. "जॅन, चौथी बरी आहे. बघतोस?"

बोल्ट उघडा ठेवून, रेंज बंद असल्याचं तीनदा विचारून, सोवनी रायफलीच्या पुढच्या टोकापाशी ओणवे झाले होते. खिशातून भिंग काढून त्यांनी नाकाचे दोन्ही स्क्रू पाहिले. मग लाकडाचा जोड पाहिला. मग बोटाने नाक डावीउजवीकडे हलवून पाहिलं.

"हललं नाही," ते म्हणाले.

"आणि गोळ्या कुठे गेल्या?"

"ते माझं खातं नाही," सोवनी म्हणाले.

खिचडी खाताना त्यांचा उजवा हात वर जाईना, म्हणून वनिताबाईंनी चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. संध्याकाळी आंबेहळद लावू, असं त्या म्हणाल्या.

"कारखान्यात टेस्टिंगला वाजायच्या रोज," सोवनी म्हणाले. "पण ती शेड लांब होती. आम्हाला लग्नातल्या फटाक्यांसारखं ऐकू यायचं. जवळून ह्याचा आवाज असा येतो हे मला माहीतच नव्हतं."

"आवडला?"

"नाही गं," सोवनी म्हणाले. "अजिबात नाही. फार मोठा आहे."

वनिताबाईंनी डब्यातला खिचडीचा शेवटचा घास त्यांच्या वाटीत सरकवला आणि झाकण लावलं.